बाली बेटातील कुणबी, लोहार आणि आम्ही

(गेल्या आश्विनात आमच्या गावच्या वाचनालयापुढे जमलेल्या मंडळींसमोर झालेले हे भाषण. बोलण्याच्या भरात जे अधिकउणे झाले तेवढे येथे नीट केले आहे.)



आम्ही परदेशी जाऊन आलो ही बातमी आमच्या आधी गावात पोहोचली होती. एसटीतून उतरलो नाही तोच पहिला प्रश्न झाला, "गुरुजी, खर्च किती आला?" दुसरा झाला, "तिकडे खायला काय मिळते?" आणि तिसरा प्रश्न पारावरच्या एका वडीलधाऱ्या बाबांनी केला, तो असा : "तिकडची माणसे कोणच्या जातीची?" पहिल्या दोहोंची उत्तरे आम्ही तेथल्या तेथे दिली. तिसऱ्याचे उत्तर द्यावयास आज उभे आहोत. ते दोन वाक्यांत देण्याजोगे नाही. शिवाय त्याच प्रश्नाने परमुलखात आमची जी फजिती झाली तीही सांगणे प्राप्त आहे. येत्या आठवड्यात आपल्या पाणी वापर संस्थेची बैठक आहे, आणि आज येथे फाट्याच्या तोंडाचे व टेलचे असे दोन्हीकडचे शेतकरी बसले आहेत, हेही आमच्या ध्यानात आहे.

खर्चाविषयी एवढेच की आम्हा शिक्षकमंडळींची पाच वर्षांची भिशी होती. ती फुटली तेव्हा कोणी दुचाकी घेतली, कोणी घरावर पत्रा घातला. आम्ही नऊ जणांनी ठरविले की मुलांस भूगोल शिकविता शिकविता केस पांढरे होत आले, एकदा तरी समुद्रापलीकडचा मुलूख डोळ्यांनी पाहावा. उन्हाळ्याच्या सुटीत एका प्रवासी कंपनीच्या टोळीतून बाली बेटास गेलो. आमच्या सौ. बरोबर होत्या.

हे बेट इंडोनेशियाच्या राज्यात मोडते. क्षेत्राने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून लहान; वस्ती २०२० च्या शिरगणतीप्रमाणे ४३ लाख. इंडोनेशियात बहुसंख्या मुसलमानांची. पण या एका बेटावर शेकडा पंचाऐंशीहून अधिक लोक हिंदू आहेत. म्हणून कंपनीच्या पत्रकात 'हिंदू संस्कृतीचे दर्शन' असे ठळक छापले होते. दर्शन काय झाले म्हणाल, तर चार दिवसांत सहा देवळे, एक माकडांचे रान, आणि कापड, कॉफी व लाकडी मूर्ती यांची दुकाने मोजता येणार नाहीत इतकी. आमच्या टोळीतील मंडळी न्याहरीच्या पोह्यांसाठी गाडीत हळहळत होती. परदेशी जाऊन आपलेच घर शोधावयाचे, आणि ते सापडले नाही म्हणून परदेशास नावे ठेवावयाची, हा आपल्या लोकांचा जुना खाक्या आहे.

त्यात एक गृहस्थ मोठ्या आनंदाने म्हणाले, "पाहिलेत गुरुजी, येथे चातुर्वर्ण्य अजून शाबूत आहे!" गोष्ट खोटी नव्हती. बालीत ब्राह्मण, सत्रिय, वेसिय आणि शूद्र अशी नावे चालतात. वरच्या तिघांस मिळून 'त्रिवंश' म्हणतात. आम्ही वाटाड्यास विचारले, "शंभरांत शूद्र किती?" तो म्हणाला, "नव्वदांहून जास्त." मग आम्ही त्या गृहस्थांस एवढेच म्हटले की, मग हे बेट कोणाचे म्हणावयाचे? ते खिडकीबाहेर पाहू लागले.

पाचव्या दिवशी टोळी समुद्रकाठी स्नानास गेली आणि आम्ही उभयता तीन दिवस तिच्यातून फुटलो. ताबानान या भातशेतीच्या भागात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली. भाषेची अडचण होतीच. पण त्या घराचा एक आप्त प्राथमिक शाळेत शिक्षक होता, त्यास मोडकेतोडके इंग्रजी येई. आमचे इंग्रजीही त्याच तोलाचे. बाकी राहिले ते मोबाइलवरच्या भाषांतराने भागविले. आम्ही शिक्षक असे कळताच ते आम्हांस 'पाक गुरु' म्हणू लागले. 'पाक' म्हणजे बाबा, आणि 'गुरु' तो आपलाच. गावास ते 'देसा' म्हणतात. आणि वस्तीचे जे मंडळ लग्नकार्यास व मर्तिकास एकत्र येते, त्या कामास त्यांचा शब्द आहे 'सुक-दुक'. सुख-दुःख, बंधूंनो! समुद्रापार ते शब्द ऐकून आमच्या सौ.च्या डोळ्यांस पाणी आले.

आता फजितीची गोष्ट. पहिल्या संध्याकाळी घरधनी ओसरीवर येऊन बसला. त्याने नाव सांगितले. आमच्या तोंडून लगेच निघाले, "आडनाव?"

मंडळी, हा प्रश्न आपण का विचारतो हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आडनाव कळले म्हणजे पाणी कोठले द्यावयाचे आणि बसावयास काय टाकावयाचे हे आपल्या वाडवडिलांस कळत असे. आम्ही वीस वर्षे शाळेत समतेचे धडे शिकवितो, जोतीरावांच्या तसबिरीस हार घालतो, आणि परमुलखातल्या कुणब्यापुढे बसल्यावर जिभेवर पहिला शब्द आला तो हा!

तो माणूस गोंधळला. त्याच्यापाशी आडनाव नव्हतेच. बालीतल्या सामान्य कुळांत पहिल्या मुलाचे नाव वायान, दुसऱ्याचे मादे, तिसऱ्याचे न्योमान आणि चवथ्याचे केतुत. पाचवे झाले तर पुन्हा वायानपासून आरंभ. हीच नावे मुलीसही. फक्त मुलाच्या नावामागे 'इ' आणि मुलीच्या नावामागे 'नि' लावतात. म्हणजे मुलगी पहिली आली तर तीही पहिलीच गणली जाते. आमच्या पटावर एके काळी 'नकुशा' नावाची मुलगी होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक नकोशींची नावे सरकारी समारंभाने बदलावी लागली, हे तुम्ही विसरला नसाल. त्या ओसरीवर आम्हांस तिची हजेरी आठवली.

आमचा प्रश्न कळल्यावर तो शिक्षक हसला आणि म्हणाला, "पाक गुरु वंश विचारताहेत." मग घरधनी सरळपणे म्हणाला, "आम्ही जबा." जबा म्हणजे काय? तर बाहेरचे. राजवाड्याच्या बाहेरचे. बंधूंनो, 'बाहेरचे' हा शब्द समुद्र ओलांडून तेथेही आमच्याआधी जाऊन बसला होता! आम्ही हात जोडले आणि म्हणालो, "आम्हीही." त्यानंतर त्या घरात आम्ही पाहुणे उरलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. आमच्या सौ. मावळातल्या, भातात वाढलेल्या. आम्ही मोबाइल हाती धरून 'खाचर' शब्दाचे भाषांतर शोधीत बांधावर उभे, तोवर त्या पदर खोचून कापणीच्या बायांत शिरल्यासुद्धा. तासाभरात हसणे-खिदळणे सुरू झाले. काय बोलल्या म्हणून मागून विचारले, तर म्हणाल्या, "कंबर दुखते कशी ते बोललो." त्यास भाषांतर लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, ती पाण्याची. डोंगर उतरत जाणारी खाचरे आणि त्यांतून वरून खाली येणारे पाणी. या पाण्याचा कारभार तेथे 'सुबक' नावाची शेतकऱ्यांची मंडळे करतात. बेटावर अशी सुमारे बाराशे मंडळे आहेत. एका पाण्यावर पन्नासांपासून चारशेपर्यंत शेतकरी असतात. ही रीत नवव्या शतकापासूनची मानतात, आणि २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांचा पाटकरी-प्रमुख तो 'पकासेह', आणि तो शेतकरीच निवडतात. खातेदाराचे शेत पाच खाचरांचे असो की पन्नास, सभेत मत एकच.

पाणी वाटतात कसे? ओढ्याच्या पाण्यात एक ओंडका आडवा बसविलेला असतो आणि त्यात खाचा पाडलेल्या असतात. खाचांची खोली सारखी, रुंदी शेताच्या मानाने. ज्याचा वाटा दुप्पट त्याची खाच दुप्पट रुंद. पाणी वाढले तर सगळ्यांचे वाढते, आटले तर सगळ्यांचे आटते. कुलूप नाही, किल्ली नाही, रात्री बॅटरी घेऊन फिरणारा कालवा निरीक्षक नाही. आम्ही त्या ओंडक्याजवळ पुष्कळ वेळ उभे होतो. येणारा-जाणारा कोणीही बोटांनी खाच मोजून पाहू शकतो. हिशेब वहीत नव्हता, लाकडात होता, आणि वाचता न येणाऱ्यासही तो वाचता येत होता.

आमच्या नशिबाने त्याच दिवशी सुबकाची सभा होती. ती बहुधा पस्तीस दिवसांनी एकदा भरते. तेथील भाषेची एक तऱ्हा आधी सांगितली पाहिजे. बाली भाषेत वरच्याशी बोलावयाचे शब्द निराळे आणि खालच्याशी बोलावयाचे निराळे. नुसते अहो-अरे नव्हे. जेवणे, निजणे, जाणे यांचे शब्दच वेगळे. शूद्राने त्रिवंशाशी उंच भाषेत बोलावे आणि त्याने उलट हलक्या भाषेत उत्तर द्यावे, ही परंपरा. पण सुबकाच्या सभेत सगळ्यांनी सगळ्यांशी उंच भाषेतच बोलावयाचे. सभेत एक ब्राह्मण घराण्यातला शेतकरी उशिरा आला. पकासेहाने त्यास आदराने दंड सांगितला, त्याने आदराने भरला, आणि सभा पुढे चालली. कोणाच्या कपाळावर आठी नाही.

सभेत बाई मात्र एकही नव्हती. सौ.नी विचारले, "कापणीला आम्ही आणि सभेला हे?" त्या शिक्षकाने मान खाली घातली. आपल्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीस किती बाया असतात हे त्याने विचारले नाही, हे आमचे भाग्य.

तुम्ही म्हणाल, ती माणसे स्वभावाने साधी असतील, आपल्यासारखी अर्कट नसतील. तसे मुळीच नाही. पाण्यावरून भांडणे तेथेही होतात आणि चोरून खाच मोठी करणारेही निघतात. मग वरचा शेतकरी खालच्यास पाणी का सोडतो? याचे कारण ऐकून आम्ही थक्क झालो. वरच्यास पाण्याची भीती नसते. त्यास भीती असते किडीची. त्याने आज लावणी केली, खालच्याने महिन्याने केली, तर तुडतुडे आणि उंदीर एका शेतातून दुसऱ्यात असे बाराही महिने पोसले जातात. सगळ्यांनी एका वेळी लावले, एका वेळी कापले आणि मग शिवारच्या शिवार एकदम मोकळे ठेवले, म्हणजे किडीस खावयास काही उरत नाही. त्या मोकळ्या खाचरांत बदकांचे कळप सोडतात. ते सांडलेले दाणे आणि किडे दोन्ही वेचतात. पण सगळ्यांनी एका वेळी लावावयाचे तर खालच्यासही त्याच वेळी पाणी पोहोचले पाहिजे. तेव्हा वरचा पाणी सोडतो तो धर्मादाय म्हणून नव्हे. स्वतःचे भात वाचावे म्हणून सोडतो.

ही मेख सरकारी तज्ज्ञांस कळली नव्हती. १९७० नंतरच्या दशकात इंडोनेशिया सरकारने नवे वाण आणले आणि सांगितले, वाट कोणाची पाहू नका, जितक्या वेळा पिकेल तितक्या वेळा लावा. आरंभी कोठारे भरली. मग तपकिरी तुडतुडा असा उठला की शिवारे करपली. औषधे फवारली तर तो अधिकच माजला, कारण त्यास खाणारे किडे आधी मेले. शेवटी १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ औषधांवर बंदी घातली. १९७९ पासून आशियाई विकास बँकेच्या कर्जातून पाटांची दुरुस्ती झाली, त्यात ओंडके काढून लोखंडी सरकती दारे बसविली. शेतकऱ्यांनी ती पुष्कळ ठिकाणी उपटून टाकली. पुढे स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन अभ्यासकाने गणकयंत्रावर सगळ्या पाण्याचा हिशेब मांडून दाखविला की, शेतकऱ्यांनी आपसांत ठरविलेली पाळीच सर्वांत जास्त भात देते. शिकलेल्यांस जे यंत्रावर पाहावे लागले ते अडाणी म्हटलेले लोक हजार वर्षे करीत आले होते.

येथे काही सत्यशोधकी मंडळींच्या मनात एक शंका येईल, कारण ती आमच्याही मनात आली. या पाळ्यांची वेळ तेथे देवळातून ठरते. प्रत्येक सुबकाचे देऊळ, आणि सर्वांच्या वर बातूर सरोवरावरच्या देवी दानूचे देऊळ. सरोवराचे पाणी तिचे असे मानून सुबके तेथे धान्य-नारळ पोहोचवितात. हे जुने देऊळ १९२६ च्या ज्वालामुखीत गाडले गेले, तेव्हा ते वर डोंगराच्या कडेवर नेले. आम्ही तेथे गेलो. मनात म्हटले, झाले, येथेही मध्यस्थ आलाच! पण चौकशी केली तर तेथला मुख्य पुजारी ब्राह्मण नसतो. तो सामान्य कुळातला असतो, आणि पहिला वारला म्हणजे दुसरा लहान वयातच निवडला जातो. पाण्याचे तंटे घेऊन शेतकरी त्याच्याकडे येतात. देवीच्या नावाने जे चालते त्याच्या पोटात पंचायत आणि हिशेब आहे. भोळेपणा तेथे नाही असे आम्ही म्हणणार नाही; रोज उठून पानाफुलांचे द्रोण ठेवण्यात बायांचे किती तास जातात ते सौ.नी मोजले. प्रेतसंस्कारापायी तर घरे कर्जात बुडतात. पैसा जमेपर्यंत प्रेत पुरून ठेवतात आणि मग वर काढून दहन करतात. अलीकडे पुष्कळ गावी अनेक घरे मिळून एकदम दहन उरकतात, खर्च वाटून घेतात. आपल्याकडे सामुदायिक लग्ने करतात त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या दिवशी क्लुंगकुंग भागातील तिहिंगान या गावी गेलो. येथे काशाची वाद्ये ओततात. आमच्या गावच्या तांबट आळीत आता एकच भाता उरला आहे, तो चालविणारे काका समोरच बसले आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. दहा भाग तांबे आणि तीन भाग कथील, असे ते मिश्रण. कोळशाच्या भट्टीत लाल करून तिघे-चौघे पाळीपाळीने घण घालतात. मोठी नवलाची गोष्ट ही की वाद्याच्या पट्ट्या जोडीने करतात, आणि जोडीतील एक मुद्दाम किंचित चढी ठेवतात. दोन्ही एकदम वाजविल्या म्हणजे सूर थरथरतो, लाटेसारखा. अगदी सारख्या केल्या तर वाद्य मेलेले वाटते, असे तो कारागीर म्हणाला. आणि तो किंचितपणा तो कानाने पाहतो व कानशीने काढतो.

या धातुकाम करणाऱ्यांस तेथे 'पांडे' म्हणतात. आपल्याकडच्या पांड्यांशी संबंध नाही, हे लोहार-तांबट. वर्णाच्या हिशेबात त्यांस त्रिवंशात जागा नाही. परंतु हे लोक ब्राह्मण पुरोहिताकडून तीर्थ घेत नाहीत. त्यांच्या पूर्वजांची तशी आज्ञाच आहे. त्यांचे पुरोहित त्यांच्यातलेच असतात आणि आपले तीर्थ आपणच करतात. अग्नी आमच्या घरी असता दुसऱ्याकडे कशास जावे, असे त्यांचे म्हणणे. आणि अशी जुनी चाल सांगतात की, पांडे हाती हत्यार घेऊन कामास बसला असता ब्राह्मणानेसुद्धा त्याच्याशी उंच भाषेतच बोलावे. हातोडा खाली ठेवला की मग तो पुन्हा शूद्र! ही अर्धी प्रतिष्ठा झाली, हे खरे. पण हातात काम असेपर्यंत माणूस उंच, हा हिशेब आम्हांस आमच्याकडच्यापेक्षा बरा वाटला. आमच्याकडे काम हाती घेतले की माणूस खाली जातो.

परत येताना त्या शिक्षकाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती या पत्राच्या वाचकांसाठी तर खासच आहे. डच लोकांनी १८४९ साली बेटाचा उत्तर भाग घेतला, दक्षिण भाग १९०६ ते १९०८ च्या दरम्यान रक्त सांडून घेतला. त्यापूर्वी तेथील वंशभेद आपल्याकडच्यापेक्षा सैल होते. कोणी चढे, कोणी उतरे. डचांना कारभारास सोपे पडावे म्हणून त्यांनी १९१० च्या सुमारास ते भेद पक्के केले. रस्त्यावरच्या वेठीतून त्रिवंशास सूट दिली आणि सगळी वेठ जबांच्या पाठीवर टाकली. वरच्या वंशाच्या मुलीने खालच्या वंशाच्या मुलाशी लग्न केले तर त्या जोडप्यास शिक्षा, हा नियम त्याच १९१० साली कागदावर आला.

तेव्हा जबांतली शिकलेली मुले काय करती झाली? त्यांनी वर्तमानपत्र काढले! उत्तरेकडच्या सिंगाराजा शहरात १९२५ साली 'सूर्यकांत' नावाचे मासिक निघाले, आणि त्याचे पुढारी केतुत नासा हे कोण? शाळामास्तर. त्रिवंशाचे 'बाली अद्न्यान' म्हणून दुसरे पत्र होते, दोघांची जुंपली. जन्माने मोठेपण का, शिक्षणाने का नाही. लग्नाची बंदी का. प्रेतसंस्कारावर उधळपट्टी का, हे त्यांचे प्रश्न. मंडळी, त्याच १९२५ साली पुण्यात दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' निघाले होते. ह्यांस त्यांची खबर नाही, त्यांस ह्यांची नाही. मध्ये सारा समुद्र. 'सूर्यकांत' १९२७ साली बंद पडले. लग्नाची ती बंदी उठली १९५१ साली, तेथल्या प्रतिनिधिसभेच्या ठरावाने. तरी आजही वरच्या घरातली मुलगी खालच्या घरात गेली तर काही कुटुंबांत तिचे नाते तुटते, आणि माहेरी आली तर सख्ख्या भावाशी तिने उंच भाषेत बोलावे अशी अपेक्षा असते. हे सांगताना तो शिक्षक थांबला. त्याची थोरली बहीण कोणत्या घरात दिली हे आम्ही विचारले नाही. त्याची बायको त्रिवंशातली असावी असे आम्हांस वाटले. एकदा आडनाव विचारून शहाणे झालो होतो.

दुसरी चिंता त्याने सांगितली ती जमिनीची. शेजारची खाचरे परदेशी पाहुण्यांच्या बंगल्यांखाली जात आहेत, पोरे हॉटेलांत जातात, आणि मधले एक शेत बुजले की त्याखालचा पाट मरतो. आम्ही स्वतः त्या पाहुण्यांतलेच होतो, म्हणून यावर काही बोललो नाही.

विमानात बसल्यावर डोळ्यांपुढे एकच वस्तू राहिली, तो खाचांचा ओंडका. आपल्या मुलखात असे काहीच नव्हते असे समजू नका. धुळे-नाशकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. एका फडात एकच पीक, पाटकरी-जागल्या गावाचे नेमलेले. ते शहाणपण आपल्याच लोकांचे. मग आपल्या फाट्यावर काय झाले? आपल्याकडे २००५ चा कायदा आहे, संस्था आहे, रजिस्टर आहे, शिक्के आहेत. आणि गेल्या रब्बीत टेलची ज्वारी कणसात येताना वाळली, हेही आहे.

यात आमचा दोष सांगतो. आमचे शेत फाट्याच्या तोंडाशी आहे. त्यात ऊस आहे. तो पाहतात आमचे थोरले बंधू, पण सातबाऱ्यावर नाव आमचेही आहे आणि बिलाचा अर्धा पैसा आमच्या खात्यात येतो. गेल्या माघात आमची पाळी संपल्यावरही दोन रात्री आमचे दार वर होते. आम्हांस ते ठाऊक होते. सकाळी शाळेत जाऊन आम्ही टेलच्या वस्तीवरच्या मुलांस 'समान वाटणी' हा गणिताचा पाठ शिकविला.

कोणी म्हणेल, बालीतल्या वरच्यास किडीची भीती असते, उसास कोठे तसे आहे? बरोबर आहे; ऊस बाराही महिने उभा, त्यास खालच्याची गरज लागत नाही. पण मंडळी, तोंडाकडच्या शेतांत जाऊन पाहा. ओढ्याकडच्या अंगाला आमची दहा गुंठे जमीन फुटली आहे. वर पांढरा खार, खाली चिखल, बी टाकले तर उगवत नाही. आमच्या शेजाऱ्याची त्याहून अधिक गेली आहे. जे पाणी टेलला जावयाचे होते ते आमच्याच जमिनीत मुरून मीठ वर घेऊन आले. बालीतल्या वरच्यास किडा सांगतो. आपल्यास हा खार सांगतो आहे.

म्हणून येत्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडणार. फाट्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, प्रत्येक चारीचा वाटा आणि पाळीचे तास पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवावे. अक्षरे आमच्या सातवीच्या मुली रंगवितील. आणि आमच्या दाराच्या कुलपाची किल्ली या रब्बीपासून टेलच्या मंडळींनी निवडलेल्या बाईच्या हाती द्यावी. होय, बाईच्या, सौ.नी ही अट घातली आहे. घरात आम्ही तसे बोलून ठेवले आहे. थोरले बंधू अजून हो म्हणालेले नाहीत. ते समोर, तिसऱ्या ओळीत बसले आहेत.